चिंगी आरवते तेव्हा

आठवडी बाजारातून पोरांच्या हट्टापायी एक पिल्लू घरी येतं. रंग गुलाबी, नाव चिंगी. बुटाच्या खोक्यात बल्बच्या उबेला आठवडाभर राहिलं की ते घरभर हिंडायला लागतं, हाक मारली की धावत येतं, वरणभाताच्या शितांवर वाढतं. आजी हिशेब मांडते, पाच-सहा महिन्यांत अंडी सुरू होतील. गुलाबी लव झडून पांढरी पिसं येतात. आणि तिसऱ्या महिन्यात एके दिवशी पहाटे गॅलरीतून एक फाटका, अर्ध्यात तुटलेला आवाज येतो. मग घरात दोन तट पडतात. कोंबडी आरवली, हा अपशकुन, असं एक बाजू म्हणते. चिंगी म्हणजे चिंग्याच निघाला, असं दुसरी म्हणते. दुसरी बाजू बरोबर असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि ती का मोठी आहे याचं उत्तर चिंगीत नाही, ती आली त्या हॅचरीत आहे.

कोंबडीच्या अंड्यांतून नर आणि मादी जवळपास निम्मे-निम्मे निघतात. गावाकडे खुडूक कोंबडी रवणावर बसवली आणि एकवीस दिवसांनी दहा पिल्लं निघाली, तर त्यांत पाच-सहा तलंगा आणि चार-पाच कोंबडे, किंवा याच्या उलट, असा हिशेब धरायला हरकत नाही. पण रस्त्यावरच्या रंगीत पिल्लांच्या पाटीला हा हिशेब लागू पडत नाही. ती पाटी आधीच निवडून झालेली असते.

व्यापारी कोंबडीपालनाचे दोन संसार आहेत. मांसासाठी वेगळी जात, तिला आपल्याकडे सगळे ‘बॉयलर’ म्हणतात; आणि अंड्यांसाठी वेगळी, ती लेअर. बॉयलर सहा-सात आठवड्यांच्या आत दोन किलोच्या पुढे जाते, त्यामुळे तिथे नर-मादी दोघेही कामाचे. लेअर कोंबडी मात्र खाल्लेलं सगळं अंड्यात घालते. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, अंगावर मांस धरत नाही. तिचा भाऊही तसाच किडकिडीत वाढतो, आणि अंडी तर तो देणारच नाही. त्याच्यावर खाद्य घालणं कुणालाच परवडत नाही. २०२३-२४ साली भारतात सुमारे १४,२०० कोटी अंडी झाली. यातला मोठा वाटा लेअर कोंबड्यांचा, आणि अशा प्रत्येक कोंबडीमागे साधारण एक नर पिल्लू जन्मलेलं असतं. जगभर अशी ६०० ते ७०० कोटी नर पिल्लं दरवर्षी जन्माच्या पहिल्याच दिवशी मारली जातात. जी वाचतात त्यांतली काही स्वस्तात विकली जातात, रंगात बुडवली जातात आणि सायकलवरच्या पाटीत येऊन बसतात. रंगीत पिल्लात कधी बॉयलरचं नाकारलेलं पिल्लूही असतं. ते महिन्याभरातच अंगाने इतकं सुटतं की ओळख पटते. पण पिल्लू जर सडसडीत राहिलं आणि पांढऱ्या पिसांचं निघालं, तर ते नाव ठेवायच्या आधीच कोंबडा ठरलेलं होतं असं समजावं.

एक दिवसाचं पिल्लू नर की मादी, हे कळतं कसं? बाहेरून काहीही दिसत नाही. तुरा नाही, शेपूट नाही, आवाजात फरक नाही. हा प्रश्न सोडवला जपानने. कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या कडेवर, बरोबर मध्यावर, नरात एक बारीक उंचवटा असतो. १९२७ मध्ये कॅनडातल्या ओटावा इथे जागतिक कुक्कुट परिषद भरली, तिथे ही पद्धत जगापुढे आली आणि पुढच्या काही वर्षांत जपानी तज्ज्ञांना अमेरिका-युरोपच्या हॅचऱ्यांतून बोलावणी यायला लागली.

काम बघण्यासारखं असतं. प्रखर दिव्याखाली तज्ज्ञ बसलेला. पिल्लू डाव्या हातात उलटं, अंगठ्याने हलकेच दाबून आधी त्याची शीट काढून टाकायची, मग दोन बोटांनी द्वाराची कड उलटी करायची. दिसतो तो ठिपका मोहरीच्या दाण्याहून बारीक. तो भरीव, चकचकीत, बोट लागलं तरी पुन्हा उभा राहणारा असेल तर नर. चपटा, मऊ, सहज विरून जाणारा असेल तर मादी. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की बऱ्याच माद्यांतही हा ठिपका थोडाफार राहून गेलेला असतो आणि काही नरांत तो पुरता उठलेला नसतो. सराईत माणूस तरीही तासाला हजाराच्या आसपास पिल्लं वेगळी करतो आणि शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त चुकत नाही. विचारलं, की तुम्ही नेमकं काय बघता, तर बऱ्याच जणांना सांगता येत नाही. त्यामुळे हे कसब म्हणजे अंतर्ज्ञानाचा नमुना म्हणून तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत जाऊन बसलं. मला ही कथा थोडी फुगवलेली वाटते. १९८७ मध्ये बीडरमन आणि शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी एका मुरलेल्या तज्ज्ञाकडून कुठे बघायचं आणि कोणता आकार शोधायचा एवढंच समजून घेतलं, ते एका पानात लिहिलं आणि पूर्ण नवख्या लोकांना वाचायला दिलं. फोटो बघून नर-मादी ओळखण्यात हे नवखे थेट तज्ज्ञांच्या पंक्तीला जाऊन बसले. हातात धडपडणारं पिल्लू आणि तासाला हजाराचा वेग ही गोष्ट अर्थात वेगळी. तिला वर्षं जातात. ‘मिनारी’ हा कोरियन-अमेरिकन चित्रपट पाहिलेल्यांना आठवेल, त्यातलं जोडपं अमेरिकेत हेच काम करून पोट भरत असतं.

हे घरी करून बघू नये. चुकीच्या दाबाने पिल्लाचं पोट आतून फाटतं आणि ते दगावतं.

दुसरी वाट आनुवंशिकतेची, आणि ती मला जास्त सुरेख वाटते. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं: आईचा एक्स ठरलेला, बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. पक्ष्यांत याच्या बरोबर उलट. तिथे नराकडे दोन सारखी गुणसूत्रं असतात, झेड आणि झेड. मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे कोंबडा की तलंग हा निकाल कोंबडीच्या अंड्यात लागतो, कोंबड्याचा त्यात काही हात नाही. झेडवर ‘डीएमआरटी-१’ नावाचं एक जनुक आहे. त्याच्या दोन प्रती असल्या तर वृषण घडतं, एकच असली तर अंडाशय. हे २००९ मध्ये प्रयोगाने पक्कं झालं. अंड्याला कवच चढायच्या कितीतरी आधी हा फैसला झालेला असतो. त्यामुळे टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोलसर अंड्यातून तलंग निघते, ही गावोगावची खात्री कितीही जुनी असली तरी खोटी आहे. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरणं, पिल्लू मानेला धरून पाय झाडतंय का बघणं, हेही तसंच. निम्म्या वेळा बरोबर येणारच, आणि लोकांच्या लक्षात तेवढ्याच वेळा राहतात. उबवणीच्या उष्णतेचाही इथे संबंध नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची घरटी बघायला जाणाऱ्यांना तिथे ऐकायला मिळतं की वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. कासवाच्या बाबतीत ते खरं आहे. कोंबडीच्या बाबतीत नाही.

आता झेडची गंमत बघा. कोंबडी आपला एकुलता एक झेड फक्त मुलाला देते; मुलीला तिच्याकडून डब्ल्यू मिळतो आणि झेड येतो तो बापाचा. म्हणजे आईच्या झेडवर एखादी डोळ्यांना दिसणारी खूण असेल, तर ती मुलांत उतरेल आणि मुलींत उतरणार नाही. प्लिमथ रॉक जातीच्या पिसांवरचे काळे-पांढरे पट्टे असेच झेडवरून येतात. पट्टेवाली कोंबडी आणि बिनपट्ट्याचा कोंबडा यांची पिल्लं काढली, तर काळ्या लवेच्या पिल्लांत ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, आणि ज्याचं डोकं काळं ती मादी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात धान्याची चणचण होती तेव्हा आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी हीच युक्ती सुचवली, की नको असलेले नर पहिल्याच दिवशी रंगावरून ओळखा, त्यांच्यावर दाणा वाया घालवू नका. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी अशा जातीही तयार केल्या. पिसं लवकर फुटणं की उशिरा फुटणं हाही गुण झेडवरच बसलेला आहे. तसा मुद्दाम जुळवलेला संकर असेल, तर एक दिवसाच्या पिल्लाचा पंख उलगडून बघायचा: मोठी पिसं वरच्या छोट्या पिसांपेक्षा स्पष्ट लांब असतील तर मादी, दोन्ही रांगा सारख्या किंवा वरची लांब असेल तर नर. इंटरनेटवर पंख उलगडून दाखवणारे जे फोटो फिरतात ते या संकरांपुरतेच खरे आहेत. गावरान, गिरीराज, वनराज किंवा कडकनाथ पिल्लाचा पंख बघून कुणी छातीठोकपणे काही सांगत असेल तर त्याच्यावर पैज लावू नये.

मग घरात वाढणारं पिल्लू ओळखायचं कसं? वाट बघून. पाच-सहा आठवड्यांचं झालं की नराचा तुरा फुगू लागतो, लाल होतो, चोचीखालच्या पाळ्या लोंबायला लागतात. त्याच वयाच्या तलंगेचा तुरा अजून फिकट, पिवळसर असतो. नराचे पाय जाड, उभं राहणं ताठ. पण तुऱ्यावर पूर्ण विसंबू नका. असील जातीत दोघांचाही तुरा बसका असतो. कडकनाथचा तुरा मुळातच काळपट-जांभळा, तिथे लाली शोधत बसलात तर फसाल. पांढऱ्या लेगहॉर्नच्या कोंबडीला तर इतका मोठा तुरा येतो की तो एका बाजूला कलतो. एकच पिल्लू असेल तर तुलना तरी कशाशी करणार, हीही अडचण आहेच.

सगळ्यांत भरवशाची खूण पाठीवर असते. पिल्लू अडीच-तीन महिन्यांचं झालं की त्याला मांडीवर घ्या आणि पाठ शेपटीकडे जिथे उतरते तिथली पिसं एकेक करून उचलून बघा. तलंगेचं पीस टोकाला गोल, रुंद, शेजारच्या पिसावर नीट बसलेलं. कोंबड्याचं पीस अरुंद, लांब, टोकाशी निमुळतं होत जाणारं, कडेला विलक्षण चकाकी असलेलं, आणि शेपटीच्या दोन्ही अंगांना झालरीने ओघळणारं. मानेभोवतीही तसंच. पांढऱ्या पक्ष्यात रंग मदतीला येत नाही, पण पिसाचा आकार तिथेही फसवत नाही. शेपटीतून विळ्यासारखं वाकलेलं पीस आलं की मग वादच मिटला. पायामागच्या काट्याला मात्र फार महत्त्व देऊ नका. म्हाताऱ्या माद्यांनाही तो येतो.

वागण्यातही एक गोष्ट बघण्यासारखी आहे. काहीतरी चांगलं खायला मिळालं तर तलंग ते तोंडात धरून पळते. कोंबडा दाणा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि त्याच वेळी हलक्या आवाजात टकटक बोलावतो. आसपास कोंबड्या नसतील तर घरातल्या माणसांना बोलावतो. चिंगी तुम्हाला झुरळ आणून देत असेल तर तो मोठा मान आहे.

पण कोंबडी आरवली म्हणणाऱ्या बाजूला सर्वस्वी खोटं धरू नका, कारण कोंबडी आरवते हे खरं आहे. क्वचित आरवते, आणि त्यामागे कारण असतं. कोंबडीच्या गर्भात अंडाशयाच्या दोन जागा तयार होतात, पण पुढे डावीच वाढते. उजवी खुंटून राहते. म्हातारपणी किंवा आजाराने डावं अंडाशय निकामी झालं, तर ही खुंटलेली उजवी गाठ कधी कधी जागी होते आणि वृषणासारखी वाढून नराची संप्रेरकं सोडू लागते. तुरा मोठा होतो, कोंबडी आरवते, आणि पुढच्या पिसगळीनंतर तिला कोंबड्याचा पिसारा येतो. हा पिसारा नराच्या संप्रेरकामुळे येत नाही, हे इथलं नवल. पक्ष्याच्या कातडीचा मूळ कल नराच्या भपकेबाज पिसांकडेच असतो. मादीचं संप्रेरक त्याला आवरून साधं, लपून राहायला सोयीचं पीस घडवतं. ते संप्रेरक आटलं की पिसारा आपोआप उघडा पडतो. म्हणून खच्ची केलेल्या कोंबड्याचा पिसारा शाबूत राहतो, तुरा मात्र आक्रसतो. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनला आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी तरण्या कोंबड्यांची वृषणं काढली. त्यांचा तुरा वाढला नाही, ते आरवेनात, भांडेनात. काहींच्या पोटात वृषण नुसतं परत ठेवून दिलं, तर ते इतर कोंबड्यांसारखेच वाढले. मज्जातंतू तर तुटलेले, म्हणजे रक्तातून काहीतरी जात असणार. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात या कोंबड्यांपासून धरतात. एवढं होऊनही आरवणाऱ्या कोंबडीची गुणसूत्रं मादीचीच राहतात. एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेने २०१० मध्ये अर्धी बाजू नराची आणि अर्धी मादीची असलेल्या पक्ष्यांचा अभ्यास करून दाखवलं की कोंबडीच्या शरीरातली प्रत्येक पेशी आपलं लिंग स्वतःच जाणून असते. युरोपात हे कळायच्या आधी काय चालायचं ते बघा: १४७४ साली बाझेल शहरात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळलं. बहुधा ती बिचारी अशीच एक कोंबडी असावी. आपल्याकडे आरवणाऱ्या कोंबडीची रवानगी थेट रश्शाकडे होते, खटला तेवढा चालत नाही.

तीन-चार महिन्यांच्या पिल्लात मात्र हे सहसा घडत नाही. तिथे आरवणं म्हणजे कोंबडा.

आणि आरवणं सुरू झालं की ते थांबवता येत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शिमुरा आणि योशिमुरा यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं; बाहेर रात्र की दिवस कळायला मार्ग नव्हता, तरी ते आपल्या पहाटेच्या वेळेलाच आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या शरीरात आहे, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: कळपात पहिली बांग मानाने सर्वांत वरच्या कोंबड्याची, बाकीचे आपापल्या पायरीने मागून. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे आपल्याला ठाऊकच होतं. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं फुटायची वेळ कळते, एवढी त्यात भर. त्यामुळे रात्री खुराड्यावर घोंगडी टाकण्याचा उपाय आवाज थोडा दाबतो, इतकंच. आवाज साधा नसतो. बेल्जियमच्या संशोधकांनी कोंबड्याच्या कानापाशीच मोजला तर तो १३० डेसिबलच्या वर गेला. चोच पूर्ण उघडली की त्याची स्वतःची कानाची वाट बुजते, म्हणून तो बहिरा होत नाही. शेजाऱ्यांना ही सोय नाही.

फ्रान्सच्या ओलेरों बेटावर मोरिस नावाच्या कोंबड्यावर सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल मोरिसच्या बाजूने लागला, आणि २०२१ मध्ये फ्रेंच संसदेने खेड्यातले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदा केला. पुण्यात त्याच २०१९ मध्ये एका महिलेने पहाटेच्या बांगेची तक्रार घेऊन समर्थ पोलीस ठाणं गाठलं होतं. आपल्याकडच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सोसायटीच्या सभेत हा आकडा कुणीतरी काढणारच, हे धरून चला.

नर पिल्लांच्या प्रश्नावर काही देश अंड्यातच नर ओळखून ती उबवणं थांबवण्याकडे वळले आहेत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली, पाठोपाठ फ्रान्सने. एका पद्धतीत लेसरने कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून थेंबभर द्रव काढतात आणि नवव्या दिवशी मादीचं संप्रेरक तपासतात. दुसऱ्या पद्धतीत कवचातून प्रकाश पाठवून गर्भाच्या पिसांचा रंग वाचतात. पण नर आणि मादी वेगवेगळ्या रंगांचे असणाऱ्या तपकिरी लेअर जातींतच ती चालते. आपल्याकडची बहुतेक लेअर कोंबडी पांढरी आहे, त्यामुळे ही स्वस्त वाट इथे बंद आहे.

ज्यांच्या घरी चिंगीचा चिंग्या झालाच आहे, त्यांच्यासाठी थोडं. कोंबडा एकटाही नीट जगतो आणि माणसाळलेला असेल तर माणसांनाच कळप मानतो. कोंबड्यांसोबत ठेवायचा तर एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या लागतात. दोनच ठेवल्या तर त्यांच्या पाठीवरची पिसं उपटून निघतात. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, पिल्लांसाठी असते. फ्लॅटमध्ये जमणार नसेल तर गावाकडे ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत आणि कोंबडा नाही, अशा घराची चौकशी चौथा महिना लागायच्या आत सुरू करा आणि तो पाळायला हवाय की पातेल्यात, हे स्पष्ट विचारा. मुलांनाही तेच खरं सांगा. आणि अजून पिल्लू घ्यायचंच असेल, तर रंगीत पाटीवरून घेऊ नका. अंडीच हवी असतील तर हॅचरीतून किंवा पाळणाऱ्याकडून तीन महिन्यांपुढची तलंग पाठीची पिसं बघून घ्या. थोडे पैसे जास्त पडतील.